उतरलेला डग्गा

पेटी वाजवणाऱ्या दामल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना बघून परतताना भजनी मंडळाचे तबलजी वासूनाना जवळजवळ खुशीतच होते.

"व्हायचंच होतं. पेटीवर एकच हात चालतो, दुसरा नुसता भाता हलवतो. आपले दोन्ही हात रियाजातले. लकव्याची काय बिशाद!"

"आणि बीपीची गोळी? ती का बंद केलीत?" बायकोने विचारलं.

"त्रास असेल त्याने घ्यावी. मला कुठे काय होतंय?"

संध्याकाळी भजनाला नानांनी ठेका धरला. तबला खणखणत होता, डग्गा मात्र घुमेना.

"दमट हवेने उतरलाय," म्हणत नानांनी उजव्या हाताने हातोडी उचलली आणि डग्ग्याची कड ठोकली. पुन्हा ठेका धरला. डग्गा गप्पच.

"परवाच तर डग्ग्याचं कातडं बदललंय," ते कुरकुरले. शब्द तोंडातल्या तोंडात घरंगळले.

समोर टाळ वाजवणाऱ्या बायकोचे हात थांबले. नानांच्या ओठांचा डावा कोपरा ओघळला होता.

"अहो, डावा हात वर करा बघू."

"केलाय की!" नाना वैतागले. "आधी डग्गा बदला."

डावा हात डग्ग्यावर पालथा पडून होता.