पंख्यात अडकलेलं जाळं

मोटरनं दोन आचके दिले, घुसमटल्यासारखा आवाज केला आणि ती बंद पडली. बोट धरणाच्या ऐन मधोमध थांबली.

"काऊन बंद केली?" रंभाबाईंनी विचारलं.

"केली नाई मावशी, पडली," बोट चालवणारा मुकेश म्हणाला आणि मोटरची दोरी ओढू लागला.

रंभाबाईंचा विश्वास बसला नाही. काठावर बोटीच्या फेरीसाठी दहाबारा माणसं रांगेत उभी असताना या पोरानं आठ जणांच्या बोटीत फक्त त्यांना आणि त्यांच्या लेकीला, आचलला, घेतलं होतं. "बाकीच्यायले पुढच्या खेपेले," असं म्हणत तो निघालाही होता. तेव्हाच त्यांना खटकलं होतं. आता भर पाण्यात आणून मोटर बंद. शेतातल्या भाजीपाल्याला पाणी देणारं इंजिन त्या वीस वर्षं स्वतः चालवत आल्या होत्या. बंद केलेलं इंजिन असे आचके देत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी शंका जाईना.

कारण आचल. शहरालगत पिपरी मेघेला खोली करून राहणारी, नोकरी करणारी ही पोरगी गावाकडं रोहण्याच्या रस्त्यावर गाडी पंक्चर झाली तरी आभाळ कोसळल्यासारखं करायची. इथे मात्र गप्प बसून होती. पाण्याकडे बघत नव्हती. मुकेशच्या हातांकडे बघत होती.

"इथं पयल्यांदाच आली न तू?"

"हो," आचल म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

मुकेशनं मोटर वर उचलून पाहिली. ती अर्धीच वर आली. पंख्याभोवती मासेमाराचं जाळं गुंडाळलं होतं, आणि जाळ्याचं दुसरं टोक खाली कुठंतरी पक्कं अडकलं होतं.

"नायलॉन हाय. खाली जाऊन कापा लागते," तो म्हणाला.

फोनला रेंज नव्हती. दुसरी बोट दुरुस्तीला गेलेली. मुकेशनं फळीखालचा चाकू काढला, एकदा लांबच्या काठाकडे पाहिलं आणि अंगातलं तरंगायचं जाकीट उतरवू लागला.

आचल ताडकन उठली. बोट डगमगली.

"उतरू नोको. तुले पोहता येत नाई."

बोटीच्या अंगावर पाणी हलक्या थापा मारत राहिलं. मुकेशचा हात जाकिटाच्या पट्ट्यावर होता तिथंच थांबला.

रंभाबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि पदर कमरेला खोचला.

"जाकीट घाल. पालथा पड, अन् वाकता येईन तेवढा वाक. मी धरतो."

तो पालथा पडला. रंभाबाईंनी पाय फळीला टेकवले आणि त्याचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला. मुकेश अर्धा बाहेर लोंबकळत जाळं कापू लागला. त्याचे केस पाण्याला टेकत होते.

"किती दिवस झाले?" रंभाबाईंनी विचारलं.

"आई..."

"तुले नाई इचारलं."

पाण्याजवळून आवाज आला. "दीड वर्ष, मावशी."

"अन् पोहता येत नाई, हे कोणाकोणाले माहीत हाय?"

चाकू थांबला. "फक्त हिले."

रंभाबाईंनी पट्टा आणखी घट्ट धरला.

जाळं चिवट होतं. एकेक पीळ कापता कापता त्यांच्या दंडाला कळ लागली, पण त्यांनी आचलला हात लावू दिला नाही. शेवटचा पीळ तुटला, तशी बोट मोकळी होऊन एकदम बाजूला सरकली. रंभाबाईंनी मुकेशला पोतं ओढावं तसं आत ओढून घेतलं. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. त्यानं ते पँटला पुसलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली.

बोट काठाकडे वळली. वाळत घातलेल्या रंगीत जाकिटांची रांग दिसू लागली.

"अजून काय काय येत नाई याले?" रंभाबाईंनी लेकीला विचारलं. "काठाले लागाच्या आत सांगून टाक."

आचलनं मुकेशकडे पाहिलं. मुकेशनं मोटरचा वेग कमी केला.