उमाजीराव घरी न्हाईत

"कुणाला बोलवायचं?" टपालकचेरीच्या खिडकीतून बन्सीधर कारकुनानं विचारलं आणि मनकर्णाबाईच्या तोंडाला कुलूपच लागलं.

सेलूला येईपर्यंत सगळं कसं पाठ होतं. जळगाव म्हणायचं, नंबर सांगायचा आणि पीपी कॉल म्हणायचं. पीपी म्हणजे ज्याचं नाव दिलं तोच माणूस फोनवर आला तर पुरा आकार, घरी नसला तर किरकोळ फी अन् सुटका. मागच्या खेपेला तिनं साधा कॉल लावला होता. मायलेकी तीन मिनिटं नुसत्या रडल्या, खुशाली विचारायची राहूनच गेली आणि पैसे मात्र खडखडून गेले. मग लेकीनंच, सुलानं, ही स्वस्तातली तोड काढली आणि जावयाच्या तोंडी निरोप धाडला.

"बाबाचं नाव सांग. मी धड असले तर 'न्हाईत' म्हणीन. काई कमीजास्त झालं तर 'हायेत, बोला' म्हणीन. मग मिळंल त्या गाडीनं निघून ये."

सुलाला आठवा सरत आलेला. अंगावर सूज, आणि डॉक्टरनं माहेरी जाणं तर सोडाच, खाटेवरून उठायचीही बंदी घातलेली. जावई विजेच्या बोर्डात, त्यामुळं क्वार्टरात फोन होता, तो आता तिच्या उशाशी ठेवलेला. दुसऱ्या कुणाचं नाव द्यावं तर तो मेला नेमका त्याच दिवशी पाहुणा म्हणून टपकायचा. बाबांचं तसलं भेव नव्हतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

तोड झकास होती. फक्त एक गोष्ट दोघींच्याही ध्यानात आली नाही. मनकर्णाबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. समोर असले तर "अवो", नसले तर "सुलाचा बाप". नाव यायचं ते उखाण्यात, तेही चार बायांनी वाट अडवल्यावर.

"अवो मावशी, कुणाला बोलवू?"

"सुलाच्या बापाला."

"बरं. अन् सुलाच्या बापाला नाव ठिवलंय का तसंच सोडलंय?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मनकर्णाबाईची कानशिलं तापली. उघडं कपाळ दिसू नये म्हणून तिनं पदर भुवयांपर्यंत ओढला. परत जावं असं एकदा वाटलं. पण लेक तिकडं कशी असंल? तो विचार आला आणि लाजेचं काही चालेना. तिनं डोळे मिटले आणि मांडवात घ्यावं तसं एका दमात घेतलं.

"सेलूच्या पेठेत कापसाची रास, उमाजीरावांचं नाव घेते फोनवाल्यासाठी खास!"

अख्खी कचेरी हसली. बन्सीधर तर इतका खूश झाला, की त्यानं उठून स्वतःच्या हातानं तिच्या कानाला फोन लावून दिला. "तुमी बोलू नगा बरं का. माणूस आला की मी सांगतो. निस्तं ऐका."

मनकर्णाबाईला कुठलं ऐकू येतंय! नाव तोंडातून निघालं आणि ओल्या हळदीचा वास कुठूनसा आला. मुंडावळ्या बाजूला सारून एक पोरगेला नवरदेव म्हणत होता, "मोठ्यानं घ्या की, ऐकू न्हाई आलं." तारेत वारं घुमत होतं. त्या वाऱ्यात ती कुठल्या कुठं चालली होती.

"सेलूहून कॉल आहे. उमाजीराव आहेत का?" दूरवरून एक्स्चेंजातल्या बाईचा आवाज आला.

मनकर्णाबाईचा जीव गोळा होऊन कानात आला. न्हाई म्हण गं माय माझी. न्हाई म्हण.

"उमाजीराव घरी न्हाईत," सुला म्हणाली. आवाज खणखणीत, जरा हसराच. "रानात गेलेत. दिवे लागायच्या टायमाला येतील."

फोन तुटला. मनकर्णाबाई तरी तो कानाला लावून उभीच राहिली. रानाचं काही ठरलेलं नव्हतं. जळगावच्या क्वार्टरात कुठलं आलंय रान? पोरीच्या मनात काय आलं, कोण जाणे.

"मावशी, ठिवा आता. न्हाईत म्हणं घरी."

"न्हाईत ना?" मनकर्णाबाई भरल्या डोळ्यांनी हसली. "लय बरं झालं, बाबा. लय बरं झालं."

"माणूस भेटंना अन् बाई हसायलीय," बन्सीधर शेजारच्याला म्हणाला. पण ती तोवर पायऱ्या उतरली होती.

एसटीनं फाट्यावर सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. घराची वाट रानातूनच जायची. ज्वारी हुरड्यात आली होती आणि तिरप्या उन्हात सगळं शिवार झोपेतल्यासारखं हळूहळू डुलत होतं. ती बांधावर थांबली. भाकरी घेऊन आली की इथूनच ती त्यांना "अवो" अशी हाळी द्यायची. आज तिनं मागं पाहिलं, पुढं पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. तोंड तर सकाळीच उघडलं होतं.

"उमाजीराऽव!"

ज्वारीतून चिमण्यांचा थवा भुर्रकन उठला आणि पलीकडं जाऊन बसला. मनकर्णाबाई वाट पाहत राहिली. कुणी ओ दिली नाही. ताटं हलली, थांबली. तिनं अजून थोडं थांबून पाहिलं.

मग तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि सुलाशी बोलावं तसं हळूच म्हणाली, "न्हाईत म्हणायलेत. म्हणजे बरे हायेत."