मलिद्यातला खजूर

स्टेजवरच्या पोरीनं मलिद्याच्या ताटातला खजूर उचलला, पदराच्या टोकाला बांधला, आणि तिसऱ्या रांगेत बसलेला शौल तोंडातली सूर्यफुलाची बी चावायचा थांबला.

तोवर त्याचं बरं चाललं होतं. इस्राएलातल्या डिमोना गावी एका सुताराच्या शेडमध्ये घोंगड्यांचा पडदा लावून मराठी नाटक चाललं होतं. नाव ‘जुन्या ओळखी’. एका पुरुषानं आयुष्यात केलेली तीन प्रेमं, आणि ती सांगायला पाच हौशी माणसं. लिहिणारा नाथान, हैफाच्या बंदरात कामाला. हा नाथान म्हणजे एव्हलिनचा, शौलच्या बायकोचा, मुंबईचा जुना शेजारी. उमरखाडीच्या चाळीत समोरासमोर दारं. ‘आधी मी जातो, घर बघतो, मग तुला बोलावतो,’ म्हणून सन पन्नासात इस्राएलच्या बोटीत बसला तो बसलाच, बोलावणं काही आलं नाही. शेवटी कंटाळून बापानं तिचं लग्न शौलशी लावून दिलं. एव्हलिननं हे सगळं लग्नाआधीच शौलला सांगून टाकलं होतं. लपवाछपवी काही नव्हती. पण सांगून टाकलं म्हणजे संपलं, असं थोडंच असतं?

त्यातून आज तिनं पेटीतून निळी साडी काढली होती. इस्राएलात आल्यापासून बाई फ्रॉकवर असायची. गिरणीच्या सहलीला ही साडी नेस म्हणून शौलनं किती विनवलं, तर म्हणे तिकडे वाळू फार. आणि डिमोनात काय, हिरवळ होती? शौल मनातल्या मनात धुमसतच शेडमध्ये शिरला होता.

पहिलं प्रेम निघालं शाळेतलं. पोरगी गोरी, पियानो वाजवणारी. ही एव्हलिन नव्हे. दुसरी दवाखान्यातली नर्स, फटकळ, उंच. हीसुद्धा नव्हे. शौलचा जीव भांड्यात पडला. खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया काढून त्यानं बायकोलाही दिल्या.

आणि मग हा खजूर.

बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरी नवस फिटला की एलियाहू हन्नाबीच्या, एलिया प्रेषिताच्या, नावानं मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं, फळं, खजूर. प्रार्थना म्हणायची आणि आपापला खजूर आपण खायचा. एव्हलिननं तो कधीच खाल्ला नाही. पदराला बांधून घरी आणायची आणि काही न बोलता शौलच्या हातावर ठेवायची. लग्नाच्या आठवड्यातल्या मलिद्यापासून हेच. इथं पदर गेला, रुमाल आला, पण खजूर चुकला नाही. माझी बायको स्वतःचा घास मला देते, असं शौल गिरणीत साऱ्या पाळीला ऐकवायचा. साधा माणूस, गाजवायला दुसरं होतं काय त्याच्याकडे?

आता स्टेजवरची ती पोर जिन्याखाली उभी राहून तस्साच खजूर आपल्या याराच्या हातावर ठेवत होती. तश्शीच, खाली मान घालून.

म्हणजे ही सवय नाथानपासूनची होती. शौल इतकी वर्षं दुसऱ्याचा खजूर खात होता.

त्यानं तिरक्या डोळ्यानं बायकोकडे पाहिलं. ती ताठ बसली होती आणि पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. शौलच्या अंगाची लाही लाही झाली. घरी गेल्यावर एकच विचारायचं, त्यानं ठरवलं. माझ्या हातावर खजूर ठेवताना तुझ्या डोळ्यांपुढे कोण असायचं? ती गप्प राहिली, तर मग ह्या संसारात आपलं असं काहीच नाही.

टाळ्या झाल्या. शालोम, शालोम करत नाथान प्रेक्षकांत उतरला. डोक्याला टक्कल, हातात नाटकातलंच खजुराचं ताट. प्रत्येकापुढे धरत तो यांच्यापर्यंत आला. शौलनं आपलं नाव सांगितलं, गिरणी सांगितली. नाथाननं मान डोलावली आणि ताट एव्हलिनपुढे केलं.

“घ्या ना वहिनी. एवढ्या थंडीत आलात, बरं वाटलं.”

वहिनी! शौल बघतच राहिला. नाथानचा आवाज अडखळला नाही, नजर हलली नाही. त्यानं तिला ओळखलंच नव्हतं. या माणसाशी आपल्या बायकोचा काही धागा उरलेला नसू दे, असं शौल अख्खी संध्याकाळ एलियाहू हन्नाबीला विनवत होता. तर धागा नव्हताच. शौलनं खरं तर तिथंच नाचायचं. पण एव्हलिनचा चेहरा उतरलेला त्यानं पाहिला आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

“अरे, नीट बघ,” तो म्हणाला. “ही एव्हलिन. उमरखाडीची. तुझी ती खजूरवाली.”

नाथाननं निरखून पाहिलं, कपाळावर हात मारला, किती वर्षं झाली, इथलं ऊन माणसाला ओळखू येऊ देत नाही, असं काहीबाही बोलला. मग अगदी सरळ मनानं त्यानं विचारलं, “म्हणजे तू खरंच द्यायचीस खजूर? मला वाटलं, ते मी मनानं रचलंय.”

एव्हलिननं ताटातला एक खजूर उचलला. शौलचा हात जुन्या सवयीनं आपसूक पुढे आला. तिनं तो हात पाहिला. मग डोळे मिटून तिनं फळावरची प्रार्थना पुटपुटली, खजूर स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावून खाल्ला आणि बी नाथानच्या ताटात ठेवली.

“गोड असतो की,” ती म्हणाली. “उगाच देत बसले इतकी वर्षं.”