एक आटा जास्त

भंगारवाला अकराला येणार होता. साडेनऊला ओटिसने हत्यारांची पेटी चेस्टरच्या गॅरेजसमोर ठेवली आणि गाडीच्या उजव्या दाराकडे बराच वेळ पाहिलं.

गाडी अठ्ठ्याहत्तर सालची, फिकट हिरवी. दोघांनी ज्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली तिथेच बनलेली. चेस्टर सीटा बसवायचा, ओटिस दारं. कारखान्याच्या जागी आता गवत होतं.

"शेवटचं कधी उघडलं होतं?" ओटिसने विचारलं.

"उघडलेलं नाही."

"म्हणजे?"

"तू बसवलंस तेव्हा उघडलं असेल," बर्नाडीन म्हणाली. चेस्टरची बायको व्हरांड्यातल्या खुर्चीवर, उजवा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. त्या पायाचा गुडघा जूनपासून नवा होता. "लग्नाच्या झग्यात मी याच्या बाजूने शिरून स्टिअरिंगखालून पलीकडे सरकले. दोन्ही बाळंतपणांना तशीच गेले. शेजाऱ्यांना वाटायचं, केवढं प्रेम आहे."

"होतंच की," चेस्टर म्हणाला.

"आता डॉक्टर सरकू नका म्हणतो. दार उघडलं तर गाडी राहील. नाहीतर अकराला जाईल."

ओटिस चेस्टरकडे वळला. "शेहेचाळीस वर्षं, लेका. मला बोलला का नाहीस?"

चेस्टरने रुमालाने बॉनेट पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं. "तुला वाटलं असतं, तुझ्या कामाला नावं ठेवतोय."

ओटिस डाव्या दाराने आत शिरला, सीटवरून सरकला आणि उजव्या दाराचं आतलं अस्तर सोडवू लागला. सहा स्क्रू होते. चार निघाले, दोन हातात तुटले. अस्तर बाजूला झाल्यावर तो थांबला.

"चेस्टर, इकडे ये."

आतल्या पत्र्यावर खडूने लिहिलं होतं : 'चेस्टरची आहे. नीट करा.' अक्षर ओटिसचं होतं. त्याखाली, कडीच्या बोल्टाशेजारी, खडूच्या सात रेघा होत्या.

"आपल्यातल्या कुणाची गाडी लाइनवर आली की नाव लिहायचो ना," ओटिस म्हणाला. "पुढच्यांनी लक्ष द्यावं म्हणून."

"आणि या रेघा?"

"लक्ष दिलं त्यांनी." ओटिसने बोल्टावर बोट ठेवलं. "तुझं नाव पाहिलं आणि प्रत्येकाने हा बोल्ट एक आटा जास्त आवळला. आधीच्याने आवळलाय हे रेघेवरून कळत होतं, पण मित्राच्या गाडीला हात न लावता कसं सोडायचं? सात आट्यांनी पत्रा आत ओढला गेला. कडीची सळई त्यात चिमटलीय."

"तू किती आवळलास?"

"मी नाही आवळला. मी हातोडा मारला. दार चौकटीत बसावं म्हणून रबरी हातोड्याचे दोन घाव घालायचो सगळ्यांना. तुझ्या दाराला सहा घातले."

"बाकीच्यांची दारं उघडायची?"

"पावसाचं पाणी आत यायचं. पण उघडायची."

चेस्टरने खिशातून चष्मा काढला आणि रेघा जवळून पाहिल्या. "ही तिरकी फेलिक्सची. डावरा होता. ही जाड लीरॉयची, तो खडू मोडेपर्यंत दाबायचा." त्याने बोट रेघांवरून नेलं, पण टेकवलं नाही. "यातलं आता कोण आहे?"

"कुणी नाही."

ओटिसने पाना बोल्टाला लावला. चेस्टरने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," चेस्टर म्हणाला. "जाऊ दे तशीच."

"भंगारात?"

चेस्टरने मनगट सोडलं नाही.

"चेस्टर," व्हरांड्यातून आवाज आला, "मेलेल्या माणसांचे गुडघे दुखत नाहीत. सोड त्याचा हात."

चेस्टरने हात सोडला.

ओटिसने एक आटा सोडवला आणि फेलिक्सचं नाव घेतलं. दुसऱ्याला लीरॉयचं घेतलं. पुढची नावं चेस्टर सांगत गेला. सातव्या आट्याला पत्रा टणकन मागे आला. ओटिसने खांदा लावला. दार उघडलं, आणि खालच्या कडेतून चमचाभर गंज सिमेंटवर सांडला.

ओटिस त्याच दाराने बाहेर पडला. बर्नाडीन काठी टेकत आली. गाडीला वळसा न घालता ती उजवीकडून सीटवर बसली आणि दोन्ही पाय एकेक करून आत घेतले. मग दार ओढलं. ते आदळलं आणि परत उघडलं. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा उघडलं.

ओटिसने पेटीतून रबरी हातोडा काढला. बर्नाडीनने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हातोडा पेटीत ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "एका दिवसात एवढंच जमेल."

रस्त्यावर भंगारवाल्याचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "अठ्ठ्याहत्तरची गाडी न्यायचीय. हीच ना?"

"हीच," बर्नाडीन म्हणाली. "ट्रक जरा पुढे घे. आम्हाला बाहेर पडायचंय."

चेस्टर स्टिअरिंगमागे बसला. त्याच्या आणि तिच्या मधे आज हातभर जागा होती. त्याने किल्ली फिरवली. तिसऱ्या वेळेला इंजिन सुरू झालं.

बर्नाडीनने खिडकीतून हात बाहेर काढला, दार बाहेरच्या बाजूने घट्ट आवळून धरलं आणि म्हणाली, "हळू घे. धरलंय मी."