पहिलं पान

स्टेट कॉलेजला शिकणाऱ्या सौमित्रला लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या खोलीत पार्टटाइम काम मिळालं होतं. लायब्ररियन रूथ रजेवर असताना तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा, मिस्टर फेल्डमन यांचा फोन आला. त्यांचे पूर्वज म्हणे हिब्रू पुस्तकं छापायचे आणि छापखान्याची खूण म्हणून पहिल्या पानावर मुकुट आणि त्याखाली दोन मासे उमटवायचे. आजोबांनी अमेरिकेत येताना बोटीतून आणलेला तसा लाकडी ठसा त्यांच्या घरी होता, आणि त्या छापखान्याचं उरलेलं एकुलतं एक पुस्तक या लायब्ररीत.

"तेवढं पहिलं पान बघून सांगशील? आजोबा खरं बोलत होते का, एवढंच कळू दे."

जीर्ण पानं विनाकारण उलटायची नाहीत, अशी रूथची सक्त ताकीद होती. सौमित्रने अगदी जपून पहिलं पान उघडलं, भिंग धरूनही पाहिलं. नुसता मजकूर होता.

"सॉरी सर, मासे नाहीत."

आठवड्याने त्यांनी आभार मानायला आवर्जून फोन केला. "बरं झालं, एकदाचं कळलं. तो ठसा रविवारी यार्ड सेलमध्ये, अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाबरोबर विकून टाकला. कोण घेऊन गेलं, विचारलंही नाही."

रूथ परतल्यावर सौमित्रने तिला सगळं सांगितलं. तिने ते पुस्तक टेबलावर पालथं केलं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तसं तिने सौमित्र ज्याला मागचं कव्हर समजत होता, तेच उघडलं.


पहिल्याच पानावर मुकुट होता, आणि त्याखाली दोन मासे.