वळणावरचे दाणे

डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच्या दुर्बिणीच्या तपासणीचं चित्रण नवीन मशीनवर पुन्हा लावलं. समोर बसलेल्या दिगंबरकाकांच्या आतड्यातला कॅन्सर आता पसरला होता, आणि तेव्हा आपल्याला काहीच कसं दिसलं नाही, हे डॉक्टरांच्या मनातून जात नव्हतं. हे मशीन नजरेतून सुटणारी बारीकशी गाठही हिरव्या चौकटीत पकडायचं. पडद्यावर आतड्याचा गुलाबी बोगदा सरकत राहिला. चौकट कुठेच उमटली नाही.

एका वळणावर त्यांनी चित्र थांबवलं. "आजची गाठ बरोबर इथेच आहे. पण तेव्हा इथे हे पांढरे दाणे चिकटले होते. त्याखालचं मशीनलाही दिसत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी काही खाल्लं होतं का, काका?"

शेजारी बसलेल्या इंदुमतीकाकूंनी दाणे पाहताक्षणी ओळखले. तपासणीआधी पोट रिकामं करायला दिलेल्या जुलाबाच्या औषधानं गळून गेलेला नवरा त्यांना बघवला नव्हता. "एवढ्याशानं काय होतंय," म्हणत त्यांनीच राजगिऱ्याचा लाडू त्याला बळेबळे भरवला होता.

काकूंनी बोलायला तोंड उघडलं, तोच काका म्हणाले, "खाल्ला होता एक लाडू. हिला न सांगता, डब्यातून काढून."

"मीच तेव्हा तुम्हाला परत तपासणीला बोलवायला हवं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले आणि त्यांनी पडदा बंद केला.

घरी जाताना रिक्षात काकू पदरानं डोळे पुसत राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मुलांनाही असंच सांगायचं."