अर्धा संकल्प

मोबाइल नसलेल्या म्हातारीकडून मेसेजचे पैसे कापणारी बँक कसली, चोरांची टोळी! आत्याच्या पेन्शनमधून गेलेले पैसे मागायला नरहर गुरुजी वर्षभर खेटे घालत होते. “ऊपर से कटता है,” एवढंच उत्तर गंगेकाठच्या त्या हिंदी मुलखातल्या शाखेत मिळे. आज त्याच शाखेत लक्ष्मीपूजन सांगायला त्यांनाच बोलावलं. नागपूरचे मॅनेजर सोवळं नेसून पाटावर बसले. गुरुजींनी त्यांच्या तळहातावर अक्षता, सुपारी, पाणी दिलं, अर्धा संकल्प सांगितला आणि गप्प झाले. “पुढे म्हणा, गुरुजी.” “आधी आत्याचे पैसे.” “अहो, पाणी गळतंय! खाली सोडू?” “अर्धा संकल्प सोडलात तर लक्ष्मी दारातूनच परत जाईल.” “साहब, लौटा दीजिए, मुहूरत निकल रहा है,” रोखपाल कळवळला. मॅनेजरना हसू फुटलं. “उद्याच देतो!” गुरुजींनी आणखी पळीभर पाणी ओतलं. “आणि पंचगंगा घाटावरच्या बाकीच्या म्हाताऱ्यांचे कधी देणार? बोला!”